बाबांनी बांधासाठी पक्ष सोडला

मी अक्षरं शिकले ती पाटीवर कमी आणि पत्रकांवर जास्त. पनवेलला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढची पक्षाची आणि मागची आपली, असं बाबा म्हणायचे. खरं तर दोन्ही पक्षाच्याच होत्या. सभा झाली की उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे मागच्या खोलीत यायचे आणि आई त्यांत सुका जवळा बांधून फळीवर ठेवायची. 'कसेल त्याची जमीन' हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं ते जवळ्याच्या पुडीवर. आजही ते कुठे छापलेलं दिसलं की मला भूक लागते.

बाबा मिठागरातले. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण तुरुंगात आणि सभांत. भाषणात ते मोठ्या पुढाऱ्यांची भाषा कधी वापरत नसत. "खोत म्हंजे काय रं? चिंबोरी! आडवा चालतो आन् गावलं ते बिलात नेतो," असं म्हणून ते हात आडवे करून व्यासपीठावर चालून दाखवायचे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या हसण्यानंतर खोताची भीती वाटणं अवघड होतं. लोकल बोर्डावर ते निवडून आले ते अशा भाषणांवर, आणि त्याहून जास्त बांधावर.

बांधाविषयी सांगितल्याशिवाय बाबांविषयी काही सांगता येणार नाही. आमचं गाव कामोठ्याच्या पुढे, खाडीला लागून. भरतीचं पाणी चढतं त्या पातळीच्या खाली आमची भाताची शेतं. खाडी आणि भात यांच्यामध्ये फक्त चिखलाचा एक लांबलचक बांध. खोत होता तेव्हा बांध खोताचा आणि राबणूक कुळांची. कूळकायदा आला, जमिनी कुळांच्या नावावर झाल्या, आणि खोताने बांधावरचा हात काढून घेतला. "जमीन तुमची झाली ना? मग खाडीपण तुमचीच," असं म्हणून तो पनवेलच्या आपल्या माडीत जाऊन बसला.

तेव्हापासून गावानेच बांध राखला. घरटी पाळी लागे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ज्या घराची पाळी, त्या घरचा माणूस बांधावरून फिरे आणि चिंबोऱ्यांनी पाडलेली बिळं चिखलाने बुजवी. एवढंसं बीळ सोडलं की भरतीचं पाणी त्यातून घुसतं, वाट मोठी करतं आणि बांधाला खांड पडते. खांड पडली की पाळीवाला हाळी देई. त्या हाळीला प्रत्येक घरातून एक माणूस गेलाच पाहिजे. पुरुष आजारी असेल तर बाई, बाई बाळंतीण असेल तर सासू. एकदा खारं पाणी भातात उभं राहिलं की ते शेत पुढचे कित्येक पावसाळे काही पिकवत नाही, हे तान्ह्या पोरालासुद्धा ठाऊक होतं.

आम्ही पनवेलला राहत असलो तरी पाळी चुकत नसे. बाजाराला आलेलं कुणीतरी पुढच्या खोलीत डोकावून म्हणे, "भाऊ, परवा तुमची पाली." बाबा समोरचे कागद तसेच ठेवून गावाला जात. "बोर्डाची बैठक बुडवीन, पाली नाय बुडवनार," असं ते म्हणत. बोर्डावरच्या खुर्चीचा त्यांना कधी अभिमान वाटलेला मी पाहिला नाही. पण बांधावर खांड बुजवताना त्यांची जागा अगदी तोंडाशी, पाण्यात, छातीभर चिखलात असे, त्याचा मात्र होता. ती आमच्या घराची जागा. आजोबांची तीच होती.

पण चिखलाचा बांध दरवर्षी हरत चालला होता. शेजारच्या गावांचे बांध फुटले ते पुन्हा बांधलेच गेले नाहीत. तिथे भाताच्या जागी खाडीची तिवरं उगवली. सरकारची पक्का बांध घालून द्यायची योजना होती. बाबांनी अर्ज केले, मोर्चे नेले, मामलेदाराच्या कचेरीसमोर बसून राहिले. साहेब चहा पाजायचे आणि 'विचाराधीन आहे' म्हणायचे. ज्या गावांनी सत्तेतल्या पक्षाला मतं दिली होती, त्यांचे बांध मात्र विचाराधीन राहत नव्हते. हे उघड बोललं जात नव्हतं. उघड दिसत होतं.

मराठी राज्य झालं त्याच्या पुढच्या-मागच्या काळातली गोष्ट. त्यासाठी ज्या सगळ्या पक्षांनी खांद्याला खांदा लावला होता ते आपापल्या घरी परतले होते, आणि कितीतरी जण वाटेत घर बदलत होते. त्यांच्यावर मी पत्रकं लिहीत होते. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, आणि पक्षाची तालुक्यातली बहुतेक पत्रकं माझ्या हातची असायची. एका संध्याकाळी बाबा माझ्यासमोर येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तिकडं जातो," ते म्हणाले.

मला कळलं. तरी मी विचारलं, "कुठे?"

"सरकारात."

"बाबा, परवा शिरढोणच्या सभेत तुम्ही काय बोललात? पक्ष बदलणारा माणूस म्हणजे भरतीबरोबर आत आन् ओहोटीबरोबर बाहेर जाणारा केरकचरा. तुम्ही बोललात. मी टाळ्या वाजवल्या."

"बोललो. चांगलं बोललो." ते हसले नाहीत. "बाय, शेतात तिवरं उगवली म्हंजे मी बावटा कुठं रोवू? तिवरांत? त्यावर बगला बसंल."

"म्हणून त्यांच्या दारात जायचं? ते हेच तर म्हणतायत, आमच्यात या, नाहीतर बुडा. आज तुम्ही गेलात की उद्या प्रत्येक गावाला तेच म्हणतील."

"म्हनतील," बाबा म्हणाले. "तुझं खरं हाय. पन तुझं खरं व्हायला दहा वरसं लागतील, आन् बांध ह्या उधानालाच जाईल."

आई मागच्या खोलीतून म्हणाली, "दोघंबी खरं बोलताव तर भांडताव कशाला? जेवा."

बाबा सत्तेतल्या पक्षात गेले. आमच्या पक्षाने त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं, आणि ते मी लिहिलं. त्यातला एकही शब्द मला आजही मागे घ्यायचा नाही. अन्न, पाणी आणि बांध यांच्या बदल्यात मत मागणं ही लाच आहे, आणि लाच गरजवंताने घेतली म्हणून देणारा सुटत नाही, असं मी लिहिलं होतं. बाबांनी ते पुढच्या खोलीत बसून वाचलं. आता ती खोली कुणाची, हे आमच्यात कुणी बोलत नव्हतं. वाचून म्हणाले, "लाच घेनारा कोन, ते लिवलं नाय. लिव की. भितेस?"

गावाने मात्र पत्रक काढलं नाही. गाव शांत राहिलं. त्यांच्या अंगावर कुणी ओरडलं नाही, दगड मारला नाही, पानसुपारी नाकारली नाही. फक्त पाळीचा निरोप यायचा थांबला.

पहिल्या उधाणाला बाबांना वाटलं, सांगायचं राहिलं असेल. दुसऱ्या उधाणाला ते सकाळपासून पुढच्या खोलीच्या दारात बसून होते. बाजाराला आलेली आमच्या गावची माणसं समोरून गेली, 'काय भाऊ, बरं हाय ना' म्हणाली आणि पुढे गेली. बाबांचा जोडीदार, जो त्यांच्याबरोबर तुरुंगात होता आणि बांधावर त्यांच्या डाव्या हाताला उभा राहायचा, तो आता बांधाची पाळी लावत होता. त्याने आमचं घर गाळलं होतं. गावातून घर गाळणं म्हणजे काय हे बाबांना माहीत होतं. निवडणूक हरली तर पाच वर्षांनी पुन्हा लढता येते. पाळीतून गळलेल्या घराने परत कसं यायचं, याची रीतच नव्हती, कारण तसं कधी घडलंच नव्हतं.

सरकारने बाबांना दिलेला शब्द पाळला. बांध आला. ठेकेदार आला, मुरूम आला, खाडीच्या अंगाला दगड बसले, आणि पाणी सोडायच्या उघाडीला लोखंडी दार लागलं. उद्घाटनाला साहेब आले. गावही आलं, पण लांब उभं राहिलं. बाबांनी भाषण केलं, आणि त्या भाषणात त्यांनी एक चूक केली. इतक्या वर्षांत गावाला द्यायला त्यांच्या हातात पहिल्यांदा काहीतरी होतं, आणि ते सगळं एकदम देऊन टाकायचं त्यांना सुचलं. दगडी बांधाकडे हात करून ते म्हणाले, "आजपासून तुमची पाली सुटली! आता सरकार राखील. तुमी निजा!"

लांब उभं असलेलं गाव पहिल्यांदा हललं. त्यांचा जोडीदार मोठ्याने म्हणाला, "बरं जालं, भाऊसाहेब. आमी निजतो."

इतकी वर्षं तो त्यांना 'अरे' म्हणत आला होता.

आणि गाव खरंच निजलं. बांध सरकारचा, तर बिळंही सरकारची. आमच्या लोकांचं तसंच असतं. आपलं म्हटलं तर त्यासाठी जीव देतील. सरकारचं म्हटलं की पायाने पण शिवणार नाहीत. बांधावर फिरायला सरकारने एक शिपाई नेमला होता. तो नेऱ्याकडचा, डोंगराच्या अंगाचा. त्याला खाडीची भीती वाटायची आणि चिंबोरीची त्याहून जास्त.

सर्वपित्री अमावास्येला बाबा गावाला जायचे. आजोबांचं पान वाढायचं ते जुन्या घरातच, आणि त्या घरात आता आत्या एकटी राहायची. बाबांची ही थोरली बहीण तोंडाने फटकळ होती. गावात ती बाबांशी बोलत होती, पण सरळ नाही. त्या वर्षी मीही गेले होते. भात पोटऱ्यात आलं होतं. पानं मांडली, कावळ्याला घास ठेवला, आणि आत्या मला वाढता वाढता म्हणाली, "बापाच्या विरोधात लिवतेस म्हनं. लिव. पन जेवून लिव. उपाशी पोटी माणूस खोटं लिवतो."

बाबांनी पहिला घास घेतला असेल-नसेल, तोच शेजारची बाई दारात आली. हात ओले.

"उघाडीजवल पानी येतंय. आत येतंय."

बाबा पानावरून उठले. पितरांचं पान टाकून उठू नये म्हणतात. आत्याने त्यांचं पान झाकून ठेवलं.

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा दुपारची भरती पुरी चढली होती. लोखंडी दाराच्या बगलेला, दगड आणि जुना चिखल जिथे भेटतात तिथे, पाणी आत उडत होतं. वाट म्हशीच्या पाठीएवढी झाली होती. शिपाई छत्री धरून लांब उभा होता. बाबा वळले आणि देवळासमोर जाऊन त्यांनी हाळी दिली. ती हाळी पाळीवाल्याने द्यायची. पण पाळीवाला कुणी नव्हताच.

माणसं ओट्यांवर बसली होती. सणाचं जेवून सुस्त झालेली. कुणी उठलं नाही. जोडीदार देवळाच्या पायरीवर तंबाखू मळत होता.

"सरकारला तार करा, भाऊसाहेब," तो म्हणाला.

"भात जाईल रं."

"कुनाचं? सरकारचा बांध, सरकारच्या दगडाला आमी हात लावला तर उद्या म्हनतील तुमीच फोडला. भरपाई पन मिलायची नाय." मागून दोघं-तिघं 'व्हय, व्हय' म्हणाले. तो पुढे म्हणाला, "तुमीच सांगितलंत ना, पाली सुटली?"

"सांगितलं," बाबा म्हणाले. "जीभ माजी व्हती. पानी कुनाच्या शेतात चाललंय ते बघ."

ते थांबले नाहीत. आत्याच्या पडवीतून त्यांनी पहार आणि फावडं घेतलं. मी घमेली घेतली. आत्या शिव्या देत मागून आली. शिव्या नक्की कुणाला ते कळत नव्हतं. बहुतेक सरकार, गाव आणि पितर या तिघांनाही होत्या.

ओहोटी लागली होती. रात्रीची भरती यायच्या आत खांड बुजली पाहिजे, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं, आणि फक्त तिघांच्या हातांनी ती बुजणार नाही हेही. बाबा पाण्यात उतरले. आम्ही चिखल टाकत होतो आणि तो वाहून जात होता. बाबांनी एकदा कडेच्या दगडांकडे पाहिलं. दगडावर चिखल धरत नाही. चिखलाला चिखलच धरतो. कडेचे दगड काढले तरच खांडीला अंग मिळणार होतं. पण ते दगड सरकारने बसवलेले होते, आणि सरकारी बांधाला हात लावणं हा गुन्हा, असा फलक उघाडीवर टांगलेला होता. तो फलक लावायला बाबाच उभे होते.

त्यांनी दगडाच्या फटीत पहार घातली आणि जोर दिला.

पहिला दगड खाडीत पडला. शिपाई ओरडला, "भाऊ! भाऊ, अवो काय करताय! माझी नोकरी जाईल!"

"तुजी नाय जात," बाबा धापा टाकत म्हणाले. "माजं नाव सांग. सांग, तुमच्याच पक्षाच्या माणसानं फोडला."

दुसरा दगड गेला. तिसरा हलेना. बाबा साठीकडे झुकलेले होते. पहार त्यांच्या हातातून सटकली, आणि मी ती उचलायला वाकले तेव्हा मला बांधावर पावलं वाजलेली ऐकू आली. जोडीदार येत होता. धोतराचा सोगा कमरेला खोचलेला. त्याने पहार माझ्या हातातून काढून घेतली.

"हो बाजूला," तो बाबांना म्हणाला. "दगड असा काढत्यात व्हय? बोर्डात बसून हात गेलं तुजं."

'तुजं' म्हणाला. बाबांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहत होते.

त्याच्यामागून गाव आलं. सगळं नाही, पण आलं. लाकडाच्या मेढी आल्या, पेंढ्याचे भारे आले, तिवराच्या फांद्या आल्या. रांग लागली आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे जाऊ लागले. बाबा पाण्यात आपल्या जागेवर, तोंडाशी, उभे राहायला गेले. जोडीदाराने मान हलवली.

"नाय. तितं आता दुसरं घर हाय. तू मागं जा."

रांगेच्या शेपटाला बायका असतात. चिखल खणून गोळे करून देणाऱ्या. बाबा गेले. माझ्या आणि आत्याच्या मध्ये उभे राहिले आणि गोळे करू लागले. त्यांचे गोळे मोठे होत होते, पुढच्या बाईच्या हातातून निसटत होते.

"भाऊ, ह्ये काय भाषन हाय, लांबतंच चाललंय!" ती म्हणाली. "बारीक करा!"

रांगभर हसू पसरलं. बाबाही हसले. गोळे बारीक करू लागले.

अंधार पडायच्या आत खांड बुजली. आमच्याकडे खांड बुजली की जो तोंडाशी असतो तो घरं बोलावतो. बांधावर उभं राहून एकेका घराचा उच्चार करतो आणि त्या घरच्या माणसाने 'हाय' म्हणायचं, म्हणजे कोण आलं, कोण नाही ते सगळ्यांना कळतं. जोडीदार वर चढला. चिखलाने त्याचा फक्त आवाज ओळखता येत होता.

"वडाखालचं घर!"

"हाय."

"विहिरीवरचं!"

"हाय."

विहिरीवरच्या घरानंतर आमचं, कारण आमचं घर तिच्या पलीकडे. त्याने ते घेतलं नाही. देवळामागचं घेतलं, कोळवाड्याच्या कडेचं घेतलं, टेकाडावरचं घेतलं. सगळी संपली. बाबा हातातला चिखल खरवडत उभे होते, फार लक्ष देऊन, जणू तेच काम आहे. आत्याने तोंड उघडलं आणि मी तिचा हात दाबला.

जोडीदाराने तोंडावरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "आन् सरकारचं घर!"

रांग फुटून हसली. बायका, पुरुष, तो शिपाईसुद्धा.

"हाय," बाबा म्हणाले. हसण्यात ते ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. "हाय!"

त्या रात्रीची भरती बांधाला लागून परत गेली. गावाने पुन्हा पाळ्या लावल्या. सरकारी बांधावर, सरकारला न विचारता. दगड का काढले याचा जाब त्यांच्या नव्या पक्षाने बाबांना विचारला. ते पनवेलच्या कचेरीत जाऊन पुष्कळ वेळ उभे राहिले, आणि परत येऊन आईला एवढंच म्हणाले की तिथला चहा आता पहिल्यापेक्षा वाईट झालाय. पुढच्या निवडणुकीला त्यांना तिकीट मिळालं, पण आमच्या गावाने त्यांना मत दिलं नाही. मीही दिलं नाही. मी गावोगाव त्यांच्याविरुद्ध बोलले, आणि आमच्या गावातही बोलले. बांध हा हक्क आहे, बक्षीस नव्हे, असं मी म्हणाले, आणि समोरच्या रांगेत बसलेल्या बाबांनी मान डोलावली. ते हरले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीच्या दारात बाजाराला आलेली एक बाई डोकावली. डोक्यावर पाटी, घाईत. 'हरलात, वाईट जालं' असं काही ती म्हणाली नाही.

"भाऊ, परवा पौर्निमा. तुमची पाली."

बाबांनी टोपी घातली, मला म्हणाले, "तू पन चल. गोले बारीक करतेस तू," आणि मी निघाले.